सेंटर म्हणजे पराणीची आर

प्रश्न असा होता: ‘सेंटर’ हा इंग्रजी शब्द आपल्या ‘केंद्र’वरून गेला असं एका व्याख्यानात ऐकलं, ते खरं का? आणि सेंटरचा मूळ अर्थ काय? शिवाय, भाषांतर करताना ‘सेंट्रल’ला कधी केंद्रीय, कधी मध्य, कधी मध्यवर्ती का म्हणतात?

मधला प्रश्न आधी घेतो. तो सुटला की पहिला आपोआप सुटत येतो.

सेंटरचा मूळ अर्थ ‘मध्य’ नाही. मूळ अर्थ आहे टोचणारं टोक. ग्रीकमध्ये ‘केंतेओ’ म्हणजे टोचणे, भोसकणे, आणि ज्यानं टोचायचं ते ‘केन्त्रॉन’. होमरच्या इलियडमध्ये, तेविसाव्या सर्गात रथांची शर्यत आहे. तिथं सारथी घोड्यांना पिटाळायला केन्त्रॉन वापरतात. म्हणजे सरळ सरळ पराणी. ज्यांनी औताला बैल जुंपलेले पाहिलेत त्यांना ही वस्तू सांगायला नको: हातभर, दीड हात काठी आणि तिच्या टोकाला ठोकलेला खिळा, आर. बैल रेंगाळला की मांडीवर हलकेच आर लावायची. केन्त्रॉन म्हणजे ती आर.

हाच शब्द ग्रीकमध्ये गांधीलमाशीच्या काट्याला आणि विंचवाच्या नांगीलाही चालतो. मराठी बायबलमध्ये याची गंमत बघायला मिळते. पौलाला दमास्कसच्या वाटेवर जे शब्द ऐकू येतात त्यांत ‘पराणीवर लाथ मारणे तुला कठीण’ असं वाक्य आहे. आणि करिंथकरांच्या पहिल्या पत्रात ‘अरे मरणा, तुझी नांगी कोठे?’ असा प्रश्न आहे. मूळ ग्रीकमध्ये पराणी आणि नांगी या दोन्ही जागी केन्त्रॉनच आहे. भाषांतरकारांनी प्रत्येक ठिकाणी त्या जागेला शोभेल तो मराठी शब्द घेतला, आणि दोन्ही नेमके बसले. बैल आरीवर लाथ मारतो तेव्हा आर आणखी खोल जाते, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग टोचणारं टोक वर्तुळाच्या मधोमध कसं जाऊन बसलं? याचं उत्तर तुमच्या मुलाच्या कंपासपेटीत आहे. कंपासला दोन पाय. एकात पेन्सिल, दुसरा अणकुचीदार. अणकुचीदार पाय कागदात रुततो, दुसरा त्याच्याभोवती फिरतो. त्या रुतणाऱ्या पायाला ग्रीक भूमितीकार केन्त्रॉन म्हणत, आणि पुढं त्या पायानं कागदावर जे भोक पाडलं त्या बिंदूलाही तेच नाव पडलं. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास युक्लिडनं पहिल्याच पुस्तकाच्या सुरुवातीला वर्तुळाची व्याख्या दिली आणि लगेच पुढच्या व्याख्येत त्या बिंदूला केन्त्रॉन म्हणतात असं सांगून टाकलं. म्हणजे तोवर शब्द पुरता रुळला होता. तिथून तो लॅटिनमध्ये ‘केन्ट्रुम’ म्हणून गेला.

मला हे पुस्तकात वाचायच्या आधी हातानं कळलं होतं. मी मुळात आयटीआयचा टर्नर. पाच वर्षं लेथवर, म्हणजे धातू फिरवत कातायच्या यंत्रावर, काढली, मग तांत्रिक भाषांतराकडे वळलो आणि आता अठ्ठावीस वर्षं तेच करतोय. वर्कशॉपमध्ये सेंटर म्हणजे जागा नव्हे, सेंटर म्हणजे वस्तू: टेलस्टॉकमध्ये, म्हणजे लेथच्या मागच्या टोकाला, बसवायचा पोलादी शंकू, टोक साठ अंशांचं. जॉबच्या, म्हणजे कातायच्या तुकड्याच्या, तोंडाला सेंटर ड्रिलनं खड्डा पाडायचा, त्यात हे टोक बसवायचं, आणि दोन सेंटरांच्या मध्ये धरून जॉब फिरवायचा. फिरत नाही ते डेड सेंटर. पहिल्या वर्षी मी एकदा त्याला ग्रीस लावायला विसरलो आणि स्पीड वाढवला. थोड्या वेळात किंचाळल्यासारखा आवाज, धूर, आणि टोक जळून निळं. उस्ताद काही बोलले नाहीत, नुसतं निळं टोक माझ्या तळहातावर ठेवलं. थंड व्हायच्या आत. मार्किंग करताना हातोडीनं ठिपका ठोकायला जो पंच वापरतात त्यालाही सेंटर पंचच म्हणतात. दोन हजारांहून जास्त वर्षांनी, कुठल्या तरी एमआयडीसीच्या शेडमध्ये, हा शब्द पुन्हा त्याच्या ग्रीक अर्थाला जाऊन भिडला: टोचणारं टोक. त्या शेडमध्ये ग्रीक कुणाला येत नव्हतं हे सांगायला नकोच.

वैद्यकातही हा टोचणारा अर्थ जिवंत आहे. ‘सेंटेसिस’ ज्याच्या शेवटी येतं ती प्रक्रिया सहसा सुई खुपसून द्रव काढण्याची असते. ॲम्निओसेंटेसिस हा शब्द आपल्याकडे १९८०च्या दशकात नको त्या कारणानं, गर्भलिंग तपासणीमुळे, घरोघरी पोचला, आणि त्याच्या गैरवापराविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानं केला. गर्भजलातली सुई आणि शहराचं ‘सिटी सेंटर’ हे एकाच धातूचे शब्द आहेत.

इंग्रजीत हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात, चॉसरच्या काळात आला. वाटेत त्याचा ‘क’ झिजला. लॅटिनमध्ये ‘ए’ आणि ‘इ’च्या आधी येणारा क पुढं मऊ होत गेला: इटालियनमध्ये ‘चेंत्रो’, जर्मनमध्ये ‘त्सेंट्रुम’, फ्रेंचमध्ये ‘साँत्र’, इंग्रजीत ‘सेंटर’. शेवटची अक्षरं कुठल्या क्रमानं लिहायची यावर ब्रिटिश आणि अमेरिकन लोकांचा जुना वाद आहे. आपल्याकडे समज असा की ‘ई-आर’ हे अमेरिकनांचं नंतरचं खूळ. उलट आहे. शेक्सपिअर आणि मिल्टनच्या काळात इंग्लंडातही ‘ई-आर’ सर्रास चालायचं. १७५५च्या जॉन्सनच्या कोशामुळे ‘आर-ई’ तिथं पक्कं झालं, आणि वेब्स्टरनं १८२८च्या कोशात जुनंच उचलून अमेरिकन म्हणून दिलं. एवढं पुरे, यात आणखी काही रस नाही.

आता केंद्र. व्याख्यात्यांना एक गोष्ट बरोबर जाणवली की केंद्र आणि सेंटर यांचं साम्य योगायोगाचं नाही. तो एकच शब्द आहे. फक्त बाण उलटा काढला. केंद्र ग्रीकमधून संस्कृतात आला. तो लॅटिनच्या वाटेनं न येता थेट आला, म्हणून त्याचा क शाबूत राहिला. आज अथेन्समध्ये उतरलात तर शहराच्या मध्यभागाकडे जाणाऱ्या बसच्या पाटीवरचा शब्द तिथला माणूस ‘केंद्रो’ असा वाचून दाखवील. आजच्या ग्रीकमध्ये न नंतरचा त असा द होतो.

शब्द ग्रीकमधूनच आला हे कशावरून? आमच्या धंद्यात असा वाद आला की आधी घरची माणसं बघायची. केन्त्रॉनला ग्रीकमध्ये धातू आहे, त्या धातूची क्रियापदं आहेत, भाऊबंद आहेत, आणि होमरपासून वापर आहे. संस्कृतात केंद्राला धातू नाही. वेदवाङ्मयात तो नाही. तो पहिल्यांदा भेटतो ज्योतिषाच्या ग्रंथांत, आणि तेही एकटा नाही, अख्ख्या वऱ्हाडासकट. यवनजातक या नावाचा ग्रंथच आहे, आणि यवन म्हणजे तेव्हा ग्रीक. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहज्जातकात राशींची नावं दिलीत ती वाचा: क्रिय, ताबुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक, कौर्प्य. ग्रीकमधले क्रिऑस, टाउरोस, डिडिमोई, लेऑन, पार्थेनोस, झिगॉन, स्कॉर्पिओस ओळीनं उभे. त्याच गर्दीत पणफर, आपोक्लिम, लिप्ता, जामित्र हे ज्योतिषातले शब्दही आहेत. जामित्र म्हणजे ग्रीक ‘डायामेट्रॉन’, इंग्रजीतला डायमीटर. कुंडलीतलं समोरचं सातवं घर. आणि होरा म्हणजे ग्रीक ‘होरा’, इंग्रजीतला अवर. पंचांगाच्या जाहिरातीत ‘होराभूषण’ अशी पदवी लावणाऱ्यांना आपण अर्धे घड्याळजी आहोत याची कल्पना नसते.

वराहमिहिराला हे उसनं आहे याचा संकोच नव्हता. बृहत्संहितेत तो स्वच्छ म्हणतो: ‘म्लेच्छा हि यवनास्तेषु सम्यक् शास्त्रमिदं स्थितम्’. यवन म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे, म्हणून ऋषींसारखा त्यांचाही मान होतो. तरी ‘हा शब्द आपलाच’ म्हणणारे तेव्हाही होतेच. बृहज्जातकाच्या सुरुवातीलाच तो सांगतो की अहोरात्र या शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळलं की होरा उरतो, असं काही जण मानतात. तुम्ही ऐकलेल्या व्याख्यानाची परंपरा दीड हजार वर्षांची निघाली!

यवन म्हटल्यावर कुणी फार लांबचे वाटू नयेत म्हणून एवढंच: कार्ल्याच्या चैत्यगृहातले कितीतरी खांब यवनांनी दान दिलेत, आणि ते धेनुकाकट गावचे असल्याचं खांबांवरच कोरलंय. ज्योतिष त्यांनीच आणलं असं मी म्हणत नाही. पण असा शब्द बोलणारी माणसं लोणावळ्यापर्यंत पोचली असावीत.

इथं एक खाचखळगा आहे. संस्कृतात आलेलं केंद्र हे वर्तुळाचा मध्य म्हणून आलेलं नव्हतं. कुंडली काढून बघा. आपल्याकडची पद्धत: चौकोन, दोन कर्ण, मग बाजूंचे मध्य जोडायचे. बारा घरं होतात. आठ त्रिकोणी, चार चौकोनी. ती चार चौकोनी घरं, पहिलं, चौथं, सातवं आणि दहावं, म्हणजे केंद्रस्थानं. ‘किं कुर्वन्ति ग्रहाः सर्वे यस्य केन्द्रे बृहस्पतिः’ हे त्यांच्याबद्दल. आता विचार करा, मध्य असेल तर एक असेल. चार मध्य कसे? कारण ग्रीक ज्योतिषात केन्त्रॉन ही आकाशातली चार टोकं होती: पूर्वेला उगवणारा बिंदू, माथ्यावरचा, मावळणारा, आणि पायाखालचा. चार खुंट्या, ज्यांच्यावर आकाश ताणून बसवलंय. लॅटिन ज्योतिष्यांनी त्याच चौघांना ‘कार्डो’ म्हणजे बिजागरी म्हटलं. आपल्या चित्रात ती चार घरं कागदाच्या मधोमध येऊन भिडतात, हा चित्राच्या रचनेचा योग. शब्दाचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. बृहज्जातकात या चार घरांना तीन नावं दिलीत: कंटक, केंद्र, चतुष्टय. चतुष्टय म्हणजे चौकडी, ते सरळ आहे. पण कंटक? काटा? शुभ मानलेल्या, गुरू बसला तर बाकीचे ग्रह काही करू शकत नाहीत अशा घराला काटा कशाला म्हणायचं? माझं मत असं की कुणीतरी, ग्रीक आणि संस्कृत दोन्ही येणाऱ्या माणसानं, केन्त्रॉनचा अर्थ विचारून घेतला आणि प्रामाणिकपणे भाषांतर केलं. टोचतं ते काय? काटा. झालं कंटक. शेजारी तोच शब्द उच्चारानं घेतला, तो केंद्र. एक भाषांतर, एक लिप्यंतर, दोन्ही एका ओळीत. आम्ही आजही हेच करतो आणि संपादकाच्या शिव्या खातो.

गणिती ज्योतिषात केंद्राला आणखी वेगळा अर्थ मिळाला. मंदकेंद्र, शीघ्रकेंद्र हे बिंदू नाहीत, कोन आहेत: मंदोच्च किंवा शीघ्रोच्च या गणितासाठी ठरवलेल्या बिंदूंपासून ग्रह किती अंशांवर आहे ते. जुना सिद्धांतग्रंथ भाषांतराला घेतलात तर इथं हमखास घसरायला होतं. मी घसरलोय. पहिल्या खेपेस ‘केंद्र’ला सरळ ‘सेंटर’ लिहून दोन पानं पुढं गेलो आणि मग ग्रहाच्या केंद्राची ‘ज्या’ (कोनाची साइन) काढायला सांगितली तेव्हा हात थांबला. बिंदूची ‘ज्या’ कशी काढणार?

मग वर्तुळाच्या मध्याला आपले जुने लोक काय म्हणत? बहुधा साधं ‘मध्य’. सूर्यसिद्धांतात सपाट शिळेवर मंडल काढून ‘तन्मध्ये’ शंकू उभा करायला सांगितलंय. ग्रीकांनी खुंटीचं नाव जागेला दिलं. आपण जागेला जागा आणि खुंटीला शंकू म्हणत राहिलो. पुढं इंग्रजी शिक्षणाबरोबर ‘सेंटर’चे सगळे अर्थ ‘केंद्र’च्या अंगावर चढले, आणि वर्तुळाचं केंद्र, मतदान केंद्र, आरोग्य केंद्र, आकाशवाणीचं पुणे केंद्र, ‘केंद्रानं पैसे अडवले’, झुणका-भाकर केंद्र असा त्याचा संसार वाढला. दोन रस्त्यांनी निघालेला एकच प्रवासी इथं स्वतःलाच भेटला. म्हणून तर ‘तुझं सेंटर कुठलं?’ असं विचारलं की मुलगा हॉलतिकिटावरचं ‘परीक्षा केंद्र’ वाचून दाखवतो.

‘मध्य’ची गोष्ट निराळी. मध्य आणि इंग्रजीतला ‘मिड’, ‘मिडल’, लॅटिन ‘मेडिउस’ हे रक्ताचे चुलत भाऊ. कुणी कुणाकडून घेतलेले नाहीत, एकाच जुन्या घरातून वेगळे झालेले. मध्यचं प्राकृतात ‘मज्झ’ झालं आणि मराठीत ‘माज’. माजघर म्हणजे मधलं घर. जुन्या मराठीत माज म्हणजे कंबरही. ज्ञानेश्वरीत पानोपानी येणारे ‘माजीं’, ‘माझारीं’ तेच. फादर थॉमस स्टीफन्स हा जन्मानं इंग्रज. १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेल्या क्रिस्तपुराणात त्यानं ‘जैसी पुष्पांमाजि पुष्प मोगरी’ असं मराठीचं कौतुक केलं, तेव्हा आपल्या ‘मिड’च्या मराठी भावालाच तो हाक मारत होता.

एक शब्द मात्र फसवा आहे, आणि तो तुमच्या इमारतीच्या पायथ्याशी पडलेला असतो: सेंट्रिंग. स्लॅब टाकायच्या आधी प्लेटा, बल्ल्या, टेकू लावून जो साचा उभा करतात तो. इंग्रजीत हे ‘सेंटर’वरूनच लिहितात, पण मूळ वेगळं आहे. दगडी कमान बांधताना खाली धरायच्या लाकडी साच्याला फ्रेंचमध्ये ‘सँत्र’ म्हणतात. त्याचं नातं लॅटिनमधल्या कंबर बांधण्याच्या, पट्टा आवळण्याच्या शब्दाशी. इंग्रजीत आल्यावर उच्चार इतका जवळ होता की लोकांनी त्याला ‘साँत्र’मध्ये, म्हणजे सेंटरमध्ये मिसळून टाकलं. तेव्हा सेंट्रिंगवाल्याचा मध्याशीही संबंध नाही आणि पराणीशीही नाही.

राहिला ‘सेंट्रल’चा प्रश्न. माझा ठोकताळा असा: ज्याच्याभोवती बाकीचं फिरतं, जिथून सूत्रं हलतात, तिथं केंद्र. रुतलेला पाय आणि फिरणारा पाय, हे चित्र डोळ्यांसमोर आणायचं. केंद्र सरकार, केंद्रीय समिती, पेशीचं केंद्रक. नुसतं इकडे-तिकडेच्या मधोमध असेल तर मध्य: मध्य आशिया, किंवा विदर्भ ज्यात होता ते ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’. तोल साधण्याचा बिंदूही मराठीनं गुरुत्वमध्य केला, गुरुत्वकेंद्र नाही, आणि मला ते बरोबर वाटतं. तिथं भोवती काही फिरत नाही, दोन्ही बाजू सारख्या होतात. आणि खालच्या अनेकांसाठी एकच मोठं असेल तर मध्यवर्ती: जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, येरवडा मध्यवर्ती कारागृह. हे नियम नव्हेत, रूढी आहेत. रूढी पडलेली असेल तिथं आपलं डोकं चालवू नये. सेंट्रल रेल्वे १९५१मध्ये झाली आणि मराठीत ती मध्य रेल्वे आहे. उद्या कुणी तर्कशुद्ध म्हणून केंद्रीय रेल्वे लिहिलं तर वाचक गोंधळेल.

आणि जिथं नावच इंग्रजी राहिलंय तिथं हात लावू नये. मुंबई सेंट्रल हे स्टेशन १९३० साली बांधलं बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेनं. आज ते पश्चिम रेल्वेवर आहे. एका पर्यटन पुस्तिकेच्या भाषांतरात माझ्या हाताखालच्या मुलानं त्याचं ‘मध्य मुंबई, मध्य रेल्वे’ केलं होतं. छापायला गेलेलं पान परत मागवायला मीच टॅक्सीनं गेलो होतो.